पाण्यातला ण

हंसा शत्रुघ्न भोईर भित्री आहे, हे वसईच्या खाडीकाठी कुणाला नव्याने सांगायला नको. ती कुत्र्याला भिते, विजेच्या बटणाला भिते, बँकेतल्या काचेमागच्या माणसाला भिते. सरकारी शिक्का असलेला कागद घरात आला, की नवरा येईपर्यंत तो देवापुढे ठेवून देते. एकदा मतदान करून आली तर बोटावरची शाई पदराखाली लपवून हिंडत होती. का, तर कुणी विचारलं कुणाला दिलंस, तर काय सांगू? शत्रुघ्न तिला चिडवतो, "हंसा, तू जन्माला येतानाच भिऊन आलीस गो." ती हसते, पण ते काही खरं नाही. भिऊन कुणी जन्माला येत नाही. तिला भीती लावली गेली, आणि कधी लावली गेली तेही तिला पक्कं आठवतं.

ती चौथीत होती. शाळेच्या तपासणीला तालुक्याहून साहेब येणार म्हणून गुरुजींनी पोरांना तेल लावून, वेणीफणी करून यायला सांगितलं होतं. साहेब आले, खुर्चीत बसले, आणि पहिल्याच बाकावरच्या हंसाला उभं करून विचारलं, "सांग बाळ, मीठ कशापासून होतं?" जिचा बाप मिठागरावर राबतो तिला हा प्रश्न! हंसानं हात मागे बांधून ठणठणीत उत्तर दिलं, "खाडीच्या पान्यापासून."

साहेबांना गंमत वाटली. "पान्ह्यापासून?" ते म्हणाले, "म्हणजे खाडी गाभण आहे की काय तुमची?" वर्ग खो खो हसला. साहेबांच्या मागे उभे असलेले गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. साहेब जाताना वहीत शेरा मारून गेले, की मुलांचे उच्चार अशुद्ध आहेत. पुढच्या वर्षी गुरुजींची बदली झाली. ती त्या शेऱ्यामुळे झाली की आपली बदलीची वेळ आली म्हणून झाली, देव जाणे. पण गावानं एकमतानं ठरवलं की हंसाच्या तोंडामुळे झाली. आई तर जेवायला वाढताना म्हणाली, "तुज्या एका बोलन्यानं चांगला मास्तर गेला." हंसानं शाळेत जायचं सोडलं आणि आईबरोबर मिठागरावर टोपली उचलायला लागली. एका अक्षरात एवढं बळ असतं, अख्खी शाळा हलते, हे तिला नऊ-दहा वर्षांची असताना कळलं, आणि तेव्हापासून ती परक्या माणसापुढे तोंड उघडायला भिते.

पुढे लग्न झालं ते खाडीच्याच दुसऱ्या गावात. भाताचं शेत होतं, त्यातलं बरंचसं खारं पाणी घुसून गेलं. शत्रुघ्ननं टेम्पो घेतला. हंसा घरामागच्या तुकड्यात कारली, वाल, भेंडी लावते आणि बाजारात नेऊन बसते. तिथंही गिऱ्हाइकाशी बोलायचं काम शेजारणीचं, हंसानं फक्त तोलायचं. असं तिचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या तोंडानं चाललेलं.

तिची मुलगी रोशनी मात्र आईवर गेली नाही. पोरगी फटकळ, हुशार आणि हट्टी. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. भोईरांच्या घरात कॉलेजच्या पायऱ्या चढलेली ती पहिलीच. बोईसरला औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी करायची, पांढरा कोट घालायचा, असं तिचं ठरलेलं. कॉलेजात गेल्यापासून ती घरात सगळ्यांची भाषा सुधारायला लागली होती. "आई, पानी नाही. पाणी. जीभ वर टाळूला लाव." हंसा जीभ टाळूला लावायची, आणि पोरीची पाठ वळली की परत खाली आणायची.

त्या पाण्याचीच सगळी गोष्ट आहे.

रोज सकाळी हंसा रोशनीच्या पिशवीत पाण्याची बाटली भरून ठेवायची, आणि रोज संध्याकाळी ती बाटली जशी गेली तशी भरलेली परत यायची. पोरगी विसरत असेल असं आधी वाटलं. मग हंसा ते पाणी कारल्याच्या वेलाला घालू लागली. वेल चांगला तरारला, पण पोरगी वाळत गेली. गणपतीनंतर रोशनीला थंडी वाजून ताप भरला, कमरेत कळा आल्या. बरी झाली, आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा तेच. या वेळी दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीण बाईंनी रोशनीला खडसावलं, "दिवसभर पाणी पीत नाहीस, लघवी तुंबवून ठेवतेस. पुन्हा झालं तर किडनी धरेल. मग माझ्याकडे येऊ नकोस, मोठ्या हॉस्पिटलात जा."

घरी आल्यावर हंसानं विचारलं, "कनाला नाय पीत गो पानी?"

रोशनीनं उशीत तोंड घातलं. "आई, प्यायलं की जावं लागतं. आणि तिकडे जाण्यासारखं नाही. विषय संपला."

"मंग सरांना सांगा ना कोनीतरी."

"कोण सांगणार? सांगणारीचं नाव लक्षात ठेवतात. प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात असतात. तू पण कुठे बोलू नकोस. शपथ घे."

हंसानं शपथ घेतली. न बोलायची शपथ तिला अवघड नव्हती. ती तर जन्मभर तेच करत आली होती. पण त्या दिवसापासून संध्याकाळी बाटली हातात घेतली, की तिला ती लगेच खाली ठेवावीशी वाटायची. भरलेली बाटली जड लागते ना, ते वजनच तिला भिववायचं.

जानेवारीत रोशनी एक दिवस बातमी घेऊन आली. "आई, आमच्याकडे नॅकची टीम येतेय."

"कोनाचा नाक?" शत्रुघ्ननं ताटावरून मान वर केली.

"नाक नाही हो पप्पा, नॅक! दिल्ली, बंगलोर, कुठून कुठून मोठे प्रोफेसर येतात. कॉलेज तपासतात. शिकवणं कसं आहे, लॅब कशी आहे, लायब्ररी, निकाल, सगळं. आणि दर्जा देतात. दर्जा चांगला मिळाला तर आमच्या डिग्रीला किंमत. घसरला तर कंपन्या म्हणतात, हे कॉलेज? बाजूला ठेवा."

हंसाच्या कानात बाकी काही शिरलं नाही, एकच शब्द शिरला. तपासणी. तिनं हातातली पळी खाली ठेवली.

आणि संकट एकटं येत नाही म्हणतात ते खोटं नाही. दुसऱ्याच दिवशी लतिका मॅडमचा फोन आला. लतिका मॅडम रोशनीला रसायनशास्त्र शिकवायच्या आणि कॉलेजच्या गुणवत्तेचं काम त्यांच्याच गळ्यात होतं. बाई विरारला राहायच्या. आवाजावरूनच कळत होतं की झोप झालेली नाही. त्या म्हणाल्या, समितीला पालकांशीही बोलायचं असतं, तर रोशनीच्या वडिलांनी यावं. आता विरारच्या, वसईच्या इमारतींमधले पालक आधी बोलावून झाले होते. पण कामाच्या दिवशी मुंबईची ऑफिसं सोडून येणार कोण? सुट्टी मिळत नाही म्हणून सगळ्यांनी हात वर केले. उरले खाडीकाठचे आणि वाड्यांमधले, ज्यांना सुट्टी देणारा साहेबच नाही.

शत्रुघ्न एरवी गावच्या सभेत माईक सोडत नाही. पण समितीचं नाव ऐकलं आणि त्याला एकदम आठवलं. "मना त्या दिशी मनोरचा भाडा हाय. हंसा जाईल. ती रिकामीच हाय."

"मी?" हंसा उठूनच उभी राहिली. "मना नाय जमायचा. मी काय बोलू तिथं? माज्यामुलं पोरीचा काय झाला तर?"

"आई, तू यायलाच हवंस," रोशनी म्हणाली. "मॅडमनी माझ्याकडे मागितलंय. नाही कसं म्हणू?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "फक्त ते दुसरं काही बोलायचं नाही. शपथ आहे ना?"

झालं. हंसाच्या मनात दोन भीती समोरासमोर बसल्या. बोललीस तर पोरीची डिग्री जाईल, ही एक. गप्प बसलीस तर पोरगीच जाईल, ही दुसरी. दोघींमधली मोठी कोण, ते ठरवायची ताकद तिच्यात नव्हती. तिनं पहिलीला धरलं, कारण ती ओळखीची होती.

तालमीला बोलावलं तेव्हा कॉलेजात सगळीकडे ओल्या रंगाचा वास होता. शिडीवर चढून माणसं फलक टांगत होती. सांडोरचा ऑगस्टीन हातगाडीवरून फुलझाडांच्या कुंड्या उतरवत होता. तोही पालकच, त्याची ॲनिशा रोशनीच्या वर्गात. केळीची वाडी आहे, सोबत कुंड्या भाड्यानं द्यायचा धंदा. "हंसाबाय, घाबरू नका," तो म्हणाला, "समिती जाईपर्यंतच उभं राहायचं. माझ्या कुंड्यांना पण तेवढंच सांगितलंय."

लतिका मॅडमनी पालकांना ओळीनं बसवलं. कॉलेज कसं वाटतं, असं विचारलं तर काय सांगायचं, सोयी काय आहेत त्या कशा सांगायच्या, हे शिकवलं. वाईट बाई नव्हती ती. प्रत्येकाला पाठीवर हात ठेवून सांगत होती. हंसाच्या वाट्याला वाक्य आलं, "इथे मुलींना चांगलं ज्ञान मिळतं आणि पिण्याचं शुद्ध पाणी आहे."

हंसा उभी राहिली. "हितं पोरींना चांगला ग्यान मिलते, आनि पिन्याचा शुद्ध पानी..."

"पाणी," मॅडम हळूच म्हणाल्या. "ताई, तेवढं पाणी म्हणा हं. बाहेरची माणसं आहेत. आपलं चांगलं दिसायला हवं."

तेवढंच. पण तेवढंच पुरलं. हंसाच्या डोळ्यांपुढे गुरुजींचा लालबुंद चेहरा उभा राहिला. आता हे कॉलेजही आपल्या 'न'पायी बुडणार! तिनं घाईघाईनं सगळं वाक्य जीभ टाळूला चिकटवून पुन्हा म्हटलं: "हितं पोरींणा चांगलं ग्याण मिळतं!"

"घाण मिळते?" ऑगस्टीन दचकून म्हणाला, आणि पालकांची रांग हसू दाबून हलायला लागली. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, शिक्षण म्हणा. ज्ञान राहू दे."

त्या आठवड्यात भोईरांच्या घरात ण चा नुसता सुळसुळाट झाला. ज्या ण ला या घरात कधी उंबरा ओलांडता आला नव्हता तो आता सरळ चुलीपाशी येऊन बसला. हंसा भाकरी थापताना पुटपुटायची, पाणी, पाणी, शिक्षण, पाणी. पण एकदा जीभ टाळूला जायला लागली की ती थांबवायची कुठं? कोळीण आली तर हंसा म्हणाली, "आज कोळंबी णको." शत्रुघ्नला म्हणाली, "णारळ संपले." तो भिंतीला धरून हसला. हंसाला हसू आलं नाही. कुठला शब्द न चा आणि कुठला ण चा, हे आता तिला मुळीच कळेनासं झालं होतं. पाय ठेवावा तिथं चिखल.

समितीच्या दिवशी हंसानं सकाळी चहासुद्धा घेतला नाही. तोंड कोरडं पडलेलं, तरी घोटभर पाणी घेतलं नाही. पालकांना लवकर बोलावून ठेवलं होतं आणि समिती आधी लॅब बघणार, मग लायब्ररी, मग पोरांशी बोलणार. पालक एका वर्गात बसून राहिले. कुणी आत-बाहेर करायचं नाही, अशी ताकीद. नव्या पडद्यांना घड्या पडलेल्या तशाच होत्या. भीतीनं माणसाचं पोट आवळतं आणि दुसरंही काही होतं. दुपार कलली तशी हंसाला राहवेना.

ती दाराशी आली. बाहेर ॲनिशा स्वयंसेविकेचा बिल्ला लावून उभी होती. हंसानं तिच्या कानाशी जाऊन विचारलं. पोरगी कावरीबावरी झाली.

"काकू, पहिल्या मजल्यावरचं समितीसाठी ठेवलंय. तिथे शिपाई उभा आहे, आपल्याला सोडणार नाही. आमचं दुसऱ्या मजल्यावर, त्याला कायमच कुलूप असतं. खालच्याला कडी नाही, पाणीपण नाही." मग मोठ्या माणसानं लहानाला समजवावं तसं ती म्हणाली, "थोडं थांबा ना काकू, घरी जाईपर्यंत. सवय होते."

सवय होते! हंसा परत येऊन बाकावर बसली. आपण अर्धा दिवस बसलो तर डोळ्यांपुढे अंधारी येते. ही पोरं तीन वर्षं बसलीत. तिला दवाखान्यातली रोशनी आठवली, हातात सुई, ओठ सुकलेले. हंसाला रडू फुटायला आलं, पण रडायलाही भीती वाटली.

आणि तेवढ्यात समिती आत आली.

तिघं होते. मधले अध्यक्ष उत्तरेकडचे कुठल्याशा विद्यापीठाचे मोठे साहेब, पांढरे केस, जाड चष्मा. एका बाजूला काळसर साडीतल्या एक दक्षिणेकडच्या बाई, दुसऱ्या बाजूला सतत लिहिणारे एक गृहस्थ. मागे प्राचार्य, आणि लतिका मॅडम, चेहरा पांढराफटक. हंसानं मॅडमकडे पाहिलं आणि तिला धक्का बसला. मॅडमही भिऊन गेली होती. अगदी हंसाएवढी.

ऑगस्टीननं आपलं वाक्य धडाधड म्हणून टाकलं. दुसऱ्या एका बाईनं शिक्षक फार मन लावून शिकवतात म्हणून सांगितलं. मग अध्यक्षांची नजर हंसावर आली. ती उभी राहिली. पदर मुठीत, गुडघे आवळलेले. पाणी, शिक्षण, पाणी. जीभ टाळूला लागली ती तिथंच बसली. तोंडातून शब्द येईना.

अध्यक्ष माणूस चांगला असावा. त्यांना वाटलं बाईला चक्कर येतेय. समोरचा पेला त्यांनी स्वतः उचलून पुढे केला आणि म्हणाले, "बैठिए बहनजी, घबराइए मत. पहले पानी लीजिए. पानी."

एवढा मोठा साहेब, ज्याला बघून प्राचार्य वाकतात, तो पानी म्हणाला. पाणी नाही. पानी. आणि कुणी हसलं नाही. प्राचार्य हसले नाहीत, लिहिणारे गृहस्थ हसले नाहीत, कुणी वहीत शेरा मारला नाही. ज्या एका अक्षरापायी तिची शाळा गेली ते अक्षर साहेबाच्या तोंडात सुखानं नांदत होतं.

जीभ सुटली. पण जे सुटलं ते पाठ केलेलं वाक्य नव्हतं.

"पानी नको साहेब," हंसा म्हणाली.

"क्यों? लीजिए, साफ है."

"साफ हाय वो. पन पिला का जावा लागते. आनि हितं जायला सोय नाय. मी घरी जाऊन पिते." तिनं श्वास घेतला, आणि तो श्वास सोडताना बाकीचंही निघून गेलं. "माजी पोर पन तसाच करते. तीन वर्सं. सगल्या पोरी तसाच करतात. दोनदा आजारी पडली. डाक्टर बोलते, किडनी जाईल."

अध्यक्षांना अर्धं कळलं, अर्धं नाही. त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य काहीतरी इंग्रजीत भराभर बोलायला लागले. पण ती दक्षिणेकडची बाई, जिला मराठी तर नाहीच, हिंदीही मोडकीतोडकी येत असावी, तिनं हंसाच्या मुठीतल्या पदराकडे, आवळून धरलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. असल्या गोष्टीला भाषा लागत नाही. ती उठली आणि लतिका मॅडमला म्हणाली, "चलिए मॅडम. गेस्ट वाला नहीं. लड़कियों का दिखाइए."

लतिका मॅडमनी आधी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य त्यांच्याकडे बघत होते. मग मॅडमनी दारातल्या शिपायापुढे हात केला आणि चावी मागितली. दोघी जिन्यानं वर गेल्या. वरून कुलूप उघडल्याचा आवाज आला.

तेव्हा हंसाला समजलं की आपण काय केलं. शपथ मोडली. कॉलेज बुडवलं. पोरीची डिग्री आपल्या हातानं खाडीत टाकली. ती कशी बाहेर पडली, रिक्षा कुणी थांबवली, तिला काही आठवत नाही. ऑगस्टीन फाटकापाशी काहीतरी बोलला होता, ते ऐकूच आलं नाही. जाताना लतिका मॅडम जिना उतरताना दिसल्या. हंसाकडे न बघता निघून गेल्या.

संध्याकाळी रोशनी घरी आली ती आईशी बोललीच नाही. बाटली ओट्यावर आपटून ठेवली. भरलेली.

"रोशनी..."

"सगळ्या कॉलेजला कळलंय, कुणाची आई ते. प्राचार्यांनी माझं नाव विचारलं. माझं! प्रॅक्टिकल आहे पुढच्या महिन्यात. एवढं एक काम सांगितलं होतं तुला आई, गप्प बसायचं. जन्मभर गप्प बसलीस. नेमकं तेव्हाच बोलायचं होतं?"

शत्रुघ्नसुद्धा त्या दिवशी चिडवायचं विसरला.

पुढचे दिवस कसे गेले ते हंसालाच माहीत. दर्जाचा निकाल यायला वेळ लागतो म्हणे. फोन वाजला की ती तो उचलायचीच नाही. रोशनीची प्रॅक्टिकल झाली. कशी गेली विचारायची हंसाची छाती नव्हती. बाजारात बसली तरी रस्त्यावरून कॉलेजच्या पोरी गेल्या की ती टोपलीआड तोंड करायची. गुरुजींच्या वेळी तिला मारणारं, बोलणारं घर होतं. आता बोलायलाही कुणी नव्हतं. पोरगी ताट उचलायची, पुस्तकात बसायची, झोपायची. रागावलेल्या माणसाशी निभावता येतं, गप्प बसलेल्याशी काय करायचं? बाटलीचं तर हंसाला भयच बसलं. ती आता भरून ठेवायची, पण परत आलेली हातात घ्यायची नाही. रोशनीच ती मोरीत उपडी करून ठेवायला लागली होती.

निकाल आला तो एका दुपारी. रोशनी लवकर घरी आली. हंसा अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. पोरीचा चेहरा पाहिला आणि तिचे हात थांबले.

"एक पायरी खाली आला दर्जा," रोशनी म्हणाली.

हंसाच्या मांडीवरचं सूप कलंडलं. दाणे अंगणभर झाले. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "माज्यामुलं. देवा, परत माज्यामुलं." आणि ती रडायला लागली, चौथीतल्या पोरीसारखी, मोठ्यानं.

रोशनी तिच्यापुढे उकिडवी बसली. बरेच दिवसांनी ती आईच्या एवढ्या जवळ आली होती. "आई. ए आई, ऐक. शिक्षकांच्या निम्म्या जागा रिकाम्या आहेत, संशोधन नाही, लॅबमधली यंत्रं बंद पडलीत. त्यासाठी गेला दर्जा. तुला काय वाटलं, तुझ्या एका शब्दानं एवढं मोठं कॉलेज खाली येतं?"

हंसानं तोंडावरचे हात काढले. एका शब्दानं शाळा हलत नाही, असं तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. खरं म्हणजे ते सांगायला कुणी तरी गुरुजींच्या बदलीच्या वेळीच यायला हवं होतं.

"आनि डिग्री?" तिनं विचारलं. "बोईसरचा?"

"बघू. कंपनीनं मला बोलावलंय परीक्षा द्यायला. घेतील तर घेतील." रोशनी दाणे वेचायला लागली. मान खाली घालून म्हणाली, "मॅडम तुला विचारत होत्या. म्हणाल्या, आईंना सांग, मीपण ह्याच कॉलेजात शिकले. मीपण घरी जाऊनच पाणी प्यायचे. एवढ्या वर्षांत मला बोलता आलं नाही."

दोघींनी मिळून दाणे सुपात भरले. ऊन उतरलं तशी रोशनी अंघोळीला गेली, आणि हंसानं सवयीनं तिची पिशवी उचलून खुंटीला लावायला घेतली. पिशवी हलकी लागली. बाटली हरवली? की रागानं फेकून दिली? तिनं आत हात घातला. बाटली होती. उलटी केली, तर तळाशी उरलेला एक थेंब तिच्या हातावर पडला.

रस्त्यात ओतून टाकलं असेल, हंसाच्या भित्र्या मनानं लगेच म्हटलं. ती बाटली हातात घेऊन तशीच उभी राहिली.

रोशनी केस पुसत बाहेर आली. आईच्या हातातली बाटली तिनं पाहिली आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

"दुसऱ्या मजल्याचं कुलूप काढलंय," ती म्हणाली. "आणि ही बाटली पुरत नाही मला. उद्यापासून मोठी दे, आई. जास्त पानी दे."